ज्याचा आवाज, त्याचा निर्णय

बायोप्सीचा अहवाल डॉक्टरांच्या टेबलावर येतो तेव्हा खोलीतल्या एकाला बाहेर बसायला सांगितलं जातं, आणि तो बहुतेक वेळा रुग्णच असतो. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातल्या एखाद्या शेतकरी घराची कल्पना करू. घरच्या कर्त्या माणसाचा आवाज दोन महिन्यांपासून बसलेला, मग घास अडकायला लागलेला, मानेत गाठ हाताला लागलेली. आधी गावात औषधपाणी झालं, मग अकोला, तिथून नागपूर. अहवाल मुलाने ऐकला, जावयाने ऐकला, मेहुण्याला फोनवर कळला. ज्याच्या घशात तो कर्करोग आहे त्याला मात्र एवढंच कळलं की ‘घशात गाठ आहे, थोडे दिवस लाईट घ्यावी लागेल.’ निघताना मुलगा डॉक्टरांना हात जोडून सांगतो, ‘बाबाले सांगतलं तं ते हाय खातीन.’ हे वाक्य विदर्भातल्या कुठल्याही कर्करोग विभागात नवं नाही. ते प्रेमापोटीच उच्चारलं जातं, म्हणून त्याच्याशी वाद घालायचा तर आदराने आणि पुराव्यानिशी घालायला हवा. माझं म्हणणं असं आहे की निदान लपवल्याने आपण रुग्णाचं दुःख वाचवत नाही, त्याचा आधार तेवढा काढून घेतो. घशाच्या कर्करोगात तर त्यासोबत असं काही काढून घेतो जे पुन्हा परत देता येत नाही.

आधी घशापुरतं बोलू, कारण इथला पेच इतर कर्करोगांपेक्षा वेगळा आहे. स्वरयंत्राचा आजार लवकर सापडला तर नुसत्या शेकाने, म्हणजे किरणोपचाराने, किंवा छोट्या शस्त्रक्रियेने दहापैकी आठ-नऊ रुग्ण बरे होतात. आजार पुढे गेलेला असेल तर बहुधा दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे पूर्ण स्वरयंत्र काढणं. मग माणूस कायमचा मानेवरच्या छिद्रातून श्वास घेतो आणि त्याचा मूळ आवाज जातो. दुसरी वाट म्हणजे औषधं आणि शेक देऊन स्वरयंत्र वाचवण्याचा प्रयत्न करणं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ३३२ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी दोन्ही गटांत ६८ टक्के रुग्ण हयात होते, आणि औषध-शेकाच्या गटात ६४ टक्क्यांचं स्वरयंत्र वाचलं होतं. हा पर्याय प्रत्येकाला लागू पडत नाही. कूर्चा पोखरली गेली असेल तर शस्त्रक्रियाच बरी, असं डॉक्टर सांगतात. पण जिथे दोन्ही वाटा खुल्या असतात, तिथे कोणती घ्यायची हे एकटं वैद्यकशास्त्र ठरवू शकत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी ३७ निरोगी माणसांना याच पेचात कल्पनेने उभं केलं. त्यांतल्या साधारण पाचातल्या एकाने सांगितलं की आवाज राहणार असेल तर आयुष्य काहीसं कमी झालं तरी चालेल. उरलेल्या चौघांची निवड वेगळी होती. आपले वडील त्या पाचातले कोण, हे मुलाला कसं कळणार? भजनात टाळ धरून पुढे उभा राहणारा माणूस आणि मुळात मितभाषी असलेला माणूस एकच उत्तर देतील असं नाही. हा प्रश्न त्यांना विचारायचा तर निदान सांगावंच लागतं, आणि तोही त्यांना तोंडाने उत्तर देता येतंय तोवरच विचारावा लागतो.

यावर तो मुलगा म्हणेल, ‘हे सगळं पुस्तकातलं झालं. आमचा जिल्हा कोणता ते पाहा.’ त्याचं म्हणणं झटकून टाकता येत नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचं पॅकेज मिळालं, त्यांत वाशीम होता. पीक गेलेलं, कर्ज डोक्यावर, त्यात कर्करोग. एवढं ऐकल्यावर बाप काही करून बसला तर? त्याच्या भीतीला संशोधनाचाही आधार आहे. स्वीडनमधल्या साठ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्करोगाचं निदान झाल्यावर पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका निदान न झालेल्यांच्या तुलनेत सुमारे बारा पटींवर जातो, असं त्यात आढळलं. डोकं आणि मानेच्या कर्करोगात हा धोका इतर बऱ्याच कर्करोगांपेक्षा अधिक असतो, हेही ज्ञात आहे. हा पुरावा माझ्या बाजूचा नाही आणि तो लपवणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण तो नीट वाचू या. वर्षभराचा हिशेब केला तर ती बारा पट तिपटीवर येते. म्हणजे सर्वांत धोक्याचे ते पहिले दिवस. म्हणून त्या दिवसांत माणसाला एकटं सोडू नये, हा त्यातून निघणारा धडा. निदान कधीच सांगू नये असं त्यातून निघत नाही. निघालं असतं, जर ते खरोखर लपवता आलं असतं तर.

आणि ते लपत नाही. नागपूरच्या ज्या मोठ्या रुग्णालयात विदर्भातले रुग्ण जातात, त्याच्या नावातच ‘कॅन्सर’ आहे: राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय. शेकाआधी रुग्णाला आडवं झोपवून गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी त्याच्या चेहऱ्यावर आणि मानेवर दाबून बसवतात. ती थंड झाली की चेहऱ्याच्या आकाराचा कडक मुखवटा तयार होतो. मग रोज त्या मुखवट्याखाली डोकं टेबलाला जखडून शेक दिला जातो, आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे. बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्याची मान तशीच काळवंडलेली असते आणि तो सहज विचारतो, ‘तुमचा कोणत्या स्टेजचा?’ रेल्वेची सवलत मिळवण्यासाठी रुग्णालय जो दाखला देतं त्यावर आजाराचं नाव असतं. तेव्हा बाबांना कळेल की नाही हा प्रश्नच उरत नाही. कुणाकडून कळेल आणि त्या क्षणी जवळ कोण असेल, एवढाच प्रश्न उरतो. घरच्यांनी सांगितलं तर वेळ आपण निवडतो, जागा आपण निवडतो, पुढचे पंधरा दिवस कोण सोबत झोपेल हेही ठरवतो. बाकावर कळलं तर तो माणूस त्या क्षणी एकटा असतो, आणि घरच्यांचं नाटक मोडू नये म्हणून पुढेही एकटाच राहतो. ज्या धोक्याच्या भीतीने आपण गप्प बसलो, तो आपल्याच गप्प बसण्याने वाढतो. सिग्मंड फ्रॉइड यांच्या तोंडातली गाठ १९२३ मध्ये पहिल्या डॉक्टरांनी पाहिली, ती कर्करोगाची आहे हे त्यांनी ओळखलं आणि त्यांना सांगितलं नाही. पुढे कळल्यावर फ्रॉइड यांचा राग आजारापेक्षा त्या लपवण्यावर अधिक होता. नंतरच्या डॉक्टरांकडून त्यांनी सत्य सांगण्याचं वचन घेतलं आणि तीसहून अधिक शस्त्रक्रिया सोसत १९३९ पर्यंत जगले, लिहिते राहिले.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. ‘हे सगळं तिकडचं. आपल्याकडे माणूस एकटा नसतो, घर ठरवतं.’ पण लपवणं ही काही भारतीय संस्कृतीची खास ठेव नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांची पाहणी झाली तेव्हा सुमारे नव्वद टक्क्यांनी सांगितलं होतं की कर्करोग झाल्याचं रुग्णाला सांगू नये असंच त्यांना वाटतं. १९७९ मध्ये तशीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत तिथली संस्कृती बदलली नव्हती. उपचार सुधारले होते आणि रुग्णाच्या हक्काची जाण वाढली होती. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका खटल्यात स्पष्ट केलं की सज्ञान आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी आईची संमती पुरेशी नाही, ती रुग्णाचीच हवी. आणि घर ठरवतं हे मान्य केलं, तरी त्या घरातला सर्वांत मोठा माणूस कोण? बैलजोडी विकायची की ठेवायची, सोयाबीन किती पेरायचं, मुलीचं लग्न कोणत्या वर्षी करायचं, हे कालपर्यंत ज्याला विचारून ठरत होतं, त्याच्याच जीवाचा निर्णय आज त्याला वगळून होतो. याला एकत्र कुटुंबाची रीत कशी म्हणायची? एकत्र ठरवायचं तर बैठकीत तोही हवा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत न्याय्य वाटतो. ‘त्यांनाच जाणून घ्यायचं नसेल तर?’ असं असू शकतं, आणि न जाणण्याचा हक्कही खरा आहे. पण तो हक्क त्यांचा आहे. त्यांच्या वतीने तो परस्पर वापरायला मुलगा मोकळा नाही. म्हणून वाईट बातमी सांगण्याच्या डॉक्टरी रीतीतही विचारणं आधी येतं आणि सांगणं नंतर. ‘तुम्हाला काय वाटतं, हे काय असेल?’ ‘तपासणीत काय आलं ते सगळं ऐकायचंय, की पुढे काय करायचं तेवढंच?’ एवढं विचारलं की बहुतेक माणसं आपली पायरी स्वतः दाखवतात. कुणी म्हणेल, ‘पोराले सांगा, मले नोका सांगू.’ मग त्याच्या सांगण्यावरून गप्प राहावं. हे गप्प राहणं त्याने मागितलेलं असतं, म्हणून त्यात फसवणूक नाही. आणि सांगायचं तर एका दमात सगळं सांगावं असंही नाही. आज आजाराचं नाव, उद्या उपचार, परवा आवाजाचा प्रश्न. प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य पक्कं हवं: आम्ही सोबत आहोत.

आता आधाराकडे वळू, कारण सत्य सांगून माणसाला मोकळं सोडणं हेही क्रौर्यच आहे. आधाराचं जवळजवळ प्रत्येक दार निदान माहीत असलेल्या माणसालाच उघडतं. तंबाखू हे घशाच्या कर्करोगाचं मोठं कारण, आणि शेक चालू असताना विडी चालू राहिली तर उपचाराचा गुण घटतो. आपल्याला काय झालंय हे ज्याला ठाऊक नाही, तो विडी किंवा खर्रा कशासाठी सोडेल? महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रासमोर रुग्णाची कागदपत्रं ठेवावीच लागतात. मुंबईला टाटा रुग्णालयात जावं लागलं तर गाडगेबाबांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा आहे. तिथे रुग्ण आणि नातेवाईक एकमेकांकडून जे शिकतात ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. स्वरयंत्र काढल्यावरही बोलता येतं: अन्ननलिकेतून आवाज काढायला शिकून, गळ्याला लावायच्या यंत्राने, किंवा श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेल्या छोट्या झडपेने. बंगळूरचे शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी अशी अगदी स्वस्त झडप तयार केली आहे. पण शस्त्रक्रियेआधीच असा बोलणारा माणूस डोळ्यांनी पाहिला तर धीर येतो, आणि अंधारात ठेवलेल्या रुग्णाला त्याची भेट घडवता येत नाही. २००४ मध्ये शरद पवारांना तोंडाचा कर्करोग झाला. ते त्याबद्दल उघडपणे बोलत आले, म्हणूनच त्यांचं उदाहरण आज गावागावांत धीर द्यायला उपयोगी पडतं.

गावात बभ्रा होईल, सोयरिकी अडतील, ही भीतीही खरी आहे. कर्करोग शिवल्याने, सोबत जेवल्याने पसरत नाही, हे चारचौघांत ठणकावून सांगायला त्या घरातलंच कुणीतरी लागतं. आणि जे घर स्वतःच्या माणसापासून लपवतं, त्याला गावाला काय सांगता येणार? पोहरादेवीला नवस बोलायचा असेल तर खुशाल बोलावा, पण ज्याच्यासाठी बोलतो आहोत त्यालाही तो ठाऊक असावा.

तेव्हा मानोऱ्यातल्या त्या मुलाला माझं सांगणं एवढंच आहे. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आधी सांगा, ‘बाबा खोलीतच बसतील.’ त्यांना काय ऐकायचं आहे ते त्यांनाच विचारा. त्यानंतरचे पहिले पंधरा दिवस त्यांच्याजवळ कोण कधी राहील याची वाटणी घरात करून ठेवा. मन फार खचलं, जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. तो फोन त्यांच्यासाठी आहे तसाच तुमच्यासाठीही आहे. आणि स्वरयंत्राचा निर्णय घ्यायची वेळ आली तर तो तुमच्या वडिलांना त्यांच्याच आवाजात घेऊ द्या.