समाधानाची साक्ष

संसारात मन रमत नसेल तर दोष नात्याचा, की ज्याच्या त्याच्या स्वभावाचा? स्वभावाकडे बोट दाखवणाऱ्याची बाजू कच्ची नाही. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या हजारो जोडप्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. माणसाच्या समाधानाशी सर्वांत जास्त संबंध त्याच्या स्वतःच्या स्वभावाचा, त्याहून कमी जोडीदाराच्या स्वभावाचा, आणि दोघांचे स्वभाव सारखे असण्याचा जवळजवळ नाहीच, असे त्यात दिसले. ‘आमचं सगळं जुळतं’ एवढ्यावर निर्धास्त होणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. त्यात जगाविषयीच्या धारणांची भर पडते. क्वोक लेउंग आणि मायकेल बाँड यांनी देशोदेशी अशा धारणांचा शोध घेतला: माणसे स्वार्थी असतात ही एक, नशिबात असेल तेच घडते ही आणखी एक. पहिलीवर ठाम असणाऱ्याला जोडीदाराच्या नुसत्या गप्प बसण्यातही डाव दिसू शकतो. चष्माच आपला, तर तक्रार नात्याविरुद्ध कशी करायची?

हा निष्कर्ष मला पटत नाही. समांथा जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ४३ अभ्यासांतल्या ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र तपासली. समाधानातल्या फरकाचा उलगडा स्वभावासारख्या वैयक्तिक गोष्टींनी २१ टक्क्यांपर्यंत झाला; जोडीदाराची बांधिलकी, कदर, भांडणे अशा नात्यातल्या गोष्टींनी ४५ टक्क्यांपर्यंत. कुणी म्हणेल, जोडीदार आपली कदर करतो असे ‘वाटणे’ हेही चष्म्यातूनच. काही अंशी खरे. पण ते वाटणे ही केवळ स्वभावाची सावली असती, तर स्वभावाने जेवढे उलगडले त्याच्या दुपटीहून जास्त तिने कसे उलगडले असते?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: हे पाश्चात्त्यांचे मोजमाप, आपल्या आशियाई घरांत कर्तव्य आणि तडजोड यांतच समाधान असते. मात्र चीनमधल्या चेंगडू शहरात १९८७ साली ५८६ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा स्वतः जोडीदार निवडलेल्या स्त्रिया घरच्यांनी लग्न ठरवलेल्यांपेक्षा अधिक समाधानी निघाल्या. एका शहरावरून खंडाचा निवाडा होत नाही, हे मान्य. तरी तडजोड हीच आपल्या मनाची नैसर्गिक भूक आहे, हा दावा तिथे टिकत नाही. आणि नशिबावर भार टाकून ‘माझं बरं चाललंय’ म्हणणाऱ्या स्त्रीचे समाधान खरे असले, तरी तिच्या घरात न्याय आहे याचा तो पुरावा नव्हे. तिने अपेक्षाच लहान केलेली असू शकते. म्हणून लेक माहेरी येऊन काही सांगू लागली, की ‘तुझा स्वभावच तसा, जमवून घे’ हे उत्तर आधी देऊ नये. घरात निर्णय कोण घेते, तिचे ऐकले जाते का, तिला भीती वाटते का, हे आधी विचारावे. स्वभावाची चर्चा त्यानंतर.