घर बांधणारास देहान्त

घर बांधणें हा अपराध, आणि त्यास देहान्ताची शिक्षा! डायोडोरस या ग्रीक इतिहासकारानें अरबस्तानच्या वायव्येकडील नबाती लोकांविषयीं असें लिहून ठेवलें आहे. धान्य पेरूं नये, फळझाडें लावूं नयेत, मद्य पिऊं नये, घर बांधूं नये. हा नियम मोडील त्यास मृत्यु. कारण असें कीं, ज्याच्यापाशीं या वस्तू आहेत त्यास त्यांच्या लोभानें बलिष्ठांपुढें मान तुकवावी लागते.

हें वाचून मला प्रथम आपल्या अपरिग्रहव्रताची आठवण झाली. परंतु ती फसवी होती. ऊद व हिराबोळ यांच्या व्यापारावर हे लोक चांगले सधन झाले होते. त्यांचें वैर संपत्तीशीं नव्हतें. जी संपत्ति रातोरात उंटावर लादतां येत नाहीं, तिच्याशीं होतें. इ. स. पूर्वीं ३१२ मध्यें ते मेळाव्यास गेले असतां अँटिगोनसच्या सेनापतीनें त्यांच्या खडकावर छापा घालून ५०० टॅलंट चांदी लुटली. लूट घेऊन फौज निर्धास्त झोंपली. नबात्यांनीं तिला गांठलें. ४,००० पायदळ कापलें गेलें, ६०० स्वारांपैकीं सुमारें ५० निसटले. लोभानें मनुष्य बांधला जातो, या नबाती मताचें प्रत्यंतर शत्रूनेंच दिलें म्हणावयाचें!

तीनशें वर्षांनंतरचा स्ट्रॅबो मात्र त्यांच्या दगडी, महागड्या घरांचें वर्णन करतो. मिळकत घटविणारास आतां दंड, वाढविणारास मान! पूर्वजांचा कायदा नातवंडांनीं पार उलटा केला. म्हणून तीं गुलाम झालीं काय? तोच लेखक सांगतो कीं, त्यांचा राजा कधींकधीं पंक्तींत स्वतः वाढी आणि पुष्कळदां आपल्या कारभाराचा जाब लोकांपुढें देई. परकीय तेथें कज्जे करीत, नबाती आपसांत कधींच नाहीं. उलट, खजुराचें रोप लावणाराचा जीव घेणारें स्वातंत्र्य मला संशयास्पद वाटतें. परक्या धन्याचें भय त्यांनीं आपल्याच तंबूंत आणून बसविलें होतें.

इ. स. १०६ मध्यें रोमन सम्राट ट्राजन यानें तें राज्य खालसा केलें, हें खरें. पण तंबूवाल्यांस त्यानें सोडलें असतें, असें मानण्यास आधार दिसत नाहीं.

हेग्रा येथें खडकांत कोरलेलीं त्यांचीं थडगीं आहेत. एक थडगें कमकम नांवाच्या स्त्रीनें व तिच्या मुलीनें स्वतःसाठीं आणि आपल्या वंशजांसाठीं करविलें. तें कोणी विकील वा गहाण टाकील, त्यास दुशरा देवाचा शाप, असें दारावर कोरलें आहे.