दुसऱ्याच्या पात्रासाठी जागा

लेखी रोलप्लेसाठी जोडीदार शोधताना बहुतेक जण आधी त्याची भाषा पाहतात. वर्णन कसं करतो, किती लिहितो, शब्दांवर पकड आहे की नाही. भाषा मलाही लागतेच. पण उत्तम लिहिणारा माणूस उत्तम जोडीदार असेलच असं नाही, हे मला अनुभवाने पटलं आहे.

हा प्रकार ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. दोघांनी मिळून एक गोष्ट रचायची. प्रत्येकाचं आपलं पात्र. एकाने आपल्या पात्राचं बोलणं-वागणं लिहून पाठवायचं, दुसऱ्याने आपल्या पात्राकडून उत्तर द्यायचं. पुढे काय होणार, हे दोघांनाही माहीत नसतं. संगणकावर याची सुरुवात जुनी आहे. इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ च्या सुमारास निव्वळ शब्दांचं एक सामाईक जग उभं केलं होतं. आपल्याकडे तर तमाशाच्या बतावणीत आणि वगात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलं. संवाद पूर्ण लिहिलेले नसत. समोरच्याने टाकलेलं वाक्य तिथल्या तिथे उचलावं लागे.

मी आणि माझा एक जोडीदार आमची गोष्ट खडकीत रचत होतो. खडकी म्हणजे मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेलं नगर, आजचं आमचं संभाजीनगर. १६१६ मध्ये मोगलांनी ते उद्ध्वस्त केलं, ते पुन्हा उभं राहिलं, आणि शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी जमिनीखालून खोदली गेली. माझं पात्र त्या खोदकामावरचा मजूर. समोर पहाऱ्यावरचा हबशी घोडेस्वार. घोडेस्वार पाणी मागतो, मजूर गडवा पुढे करतो, आणि दिवसभर कुदळ चालवून त्याचा हात थरथरतो. ते थरथरणं मी एका वाक्यात लिहिलं होतं.

हाच प्रसंग त्याआधी एका दुसऱ्या लेखकाबरोबर घडवून पाहिला होता. त्याने देवगिरीवर उतरणाऱ्या संध्याकाळचं सुरेख वर्णन पाठवलं. वाचताना आनंद झाला. मात्र मजुराचा हात त्यात कुठेच नव्हता, आणि शेवटी माझ्या मजुराने भीतीने मान खाली घातली, हेही त्यानेच लिहून टाकलं होतं. माझ्या पात्राने काय करायचं, ते ठरवणं माझं काम. तिथे गोष्ट संपली.

या नव्या जोडीदाराचं उत्तर मात्र चार ओळींचं होतं. घोडेस्वाराची नजर हातावर गेली. तो दखनीत म्हणाला, नक्को, नीचे रख दे. बस. आता हा दयेने बोलला, की मजुराच्या हातचं घ्यायचं नाही म्हणून? मजुराने आयुष्यभर ‘खाली ठेव’ हे शब्द एकाच अर्थाने ऐकले होते. मी त्याला तोच अर्थ घेऊ दिला. जोडीदाराच्या मनात दया होती. पण गोष्टीबाहेर येऊन ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ असा खुलासा त्याने केला नाही. घोडेस्वाराला तो गैरसमज ओझ्यासारखा वागवू दिला. पुढची सगळी गोष्ट त्या गडव्यातून निघाली.

यामागे कसब आहे, आणि ते वाचण्याचं कसब आहे. या माणसाच्या घरात दखनी बोलली जाते, त्याचा उपयोग झालाच. इतिहास त्याला माझ्यापेक्षा कमी ठाऊक होता. तो विचारायचा: खाली खोदताना उजेड कशाचा? हवा कुठून येते? अशा प्रश्नांनी मला नहरीकडे नव्याने पाहायला लावलं.

मला या बाबतीत पैठणच्या एकनाथांची फार आठवण होते. भारुडांत ते जोशी होतात, वासुदेव होतात, गोंधळी होतात. हिंदू-तुर्क संवादात तर दोन्ही बाजू त्यांनीच लिहिल्या, तरी एकालाही बुळबुळीत बोलू दिलं नाही. दोघं एकमेकांना सणसणीत सुनावतात, म्हणूनच अखेरचा समेट खरा वाटतो. आपल्या पात्राला हरवू शकेल असं बळ समोरच्याला द्यायचं, हे एकट्याने लिहितानाही कठीण. इथे तर समोर दुसरा जिवंत माणूस असतो, त्याचीही हौस असते, मान असतो.

तो बहुधा अनोळखीही असतो. म्हणून वय, कोणते विषय टाळायचे, थांबायचं कसं, हे आधीच स्पष्ट बोलून घ्यावं. यात संकोच करू नये.

जोडीदार कुठे मिळतात, असं तरुण मुलं विचारतात. मी त्यांना इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाकडे, एकांकिकांच्या तालमींकडे बोट दाखवतो. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णींची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था याच शहरात उभी राहिली. समोरच्याचं वाक्य ऐकण्याची सवय तालमीत लागते, एकट्याच्या टेबलावर ती लागणं अवघड. नव्या माणसाकडे मी लेखनाचा नमुना मागत नाही. एक छोटा प्रसंग पाठवतो, त्यात एखादी बारीक गोष्ट न उलगडता ठेवतो, आणि उत्तरात ती त्याने उचलली आहे का, एवढंच पाहतो.