शिवी नेत्याला, लागते शेजाऱ्याला

वरळीच्या बीडीडी चाळीत एका मजल्यावर वीस खोल्या. मधून अंधारा व्हरांडा, दोन्ही अंगांना दहा-दहा दारं, संडास सामाईक. १६० चौरस फुटांच्या खोलीत मांडण्या, कपाट, देव्हारा यांतून भिंत अशी उरतच नाही, तरी एका तसबिरीची जागा ठरलेली असते. एका घरात बाबासाहेब, समोरच्या घरात बाळासाहेब ठाकरे, पलीकडे एखाद्या जुन्या गिरणी कामगाराकडे कॉम्रेड डांगे. दारं दिवसभर उघडी, म्हणून समोरच्याची तसबीरही रोज नजरेला पडते. अशा ठिकाणी नेत्याला दिलेली शिवी नेत्यापर्यंत पोहोचतच नाही. समोरच्या दारात भाजी निवडत बसलेल्या बाईला ती लागते.

कारण तिच्यासाठी ती तसबीर म्हणजे निव्वळ राजकारण नव्हे. तिच्या सासऱ्याला पहिल्यांदा कुणीतरी ताठ मानेने उभं राहायला सांगितलं, त्याची ती आठवण असते. कुणाला आपल्या भाषेचा मान मिळाल्यासारखं वाटलं, कुणाला गिरणीत मालकासमोर बोलायचं बळ आलं. तुमचा त्या नेत्याला विरोध असेल, जरूर असावा. पण त्या उपकाराची टवाळी केलीत तर पुढचं तुमचं म्हणणं ती बाई ऐकणार कशाला?

नेत्यांवरून पेटणाऱ्या भांडणाची किंमत या चाळीने मोजलेली आहे. जानेवारी १९७४. मध्य मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती आणि दलित पँथरने बहिष्कार पुकारला होता. ५ जानेवारीला वरळीत पँथरच्या सभेवर दगड आले आणि दंगल पेटली. एकाच नळावर पाणी भरणारी माणसं एकमेकांवर धावून गेली. १० जानेवारीला परळमध्ये मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता ठार झाला. निवडणूक डांगेंच्या कन्या रोझा देशपांडे जिंकल्या, काँग्रेसचे रामराव आदिक हरले. चौकशीसाठी भस्मे आयोग नेमला गेला. मोठे नेते आपापल्या वाटेने पुढे गेले. पोलिसांच्या लाठ्या, कोर्टाच्या खेपा आणि मनात बसलेली अढी मात्र चाळीच्या वाट्याला आली.

म्हणून नेत्यांविरुद्ध बोलायचंच नाही का? तसं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. चाळीपासून हाकेच्या अंतरावर वरळी नाक्याला आचार्य अत्रे यांचा पुतळा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंवर त्यांनी जितकं कडक लिहिलं तितकं फार थोड्यांनी लिहिलं असेल. ३० नोव्हेंबर १९५७ला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीचे हजारो लोक काळे झेंडे घेऊन वाटेवर उभे राहिले आणि ते निदर्शन शांततेत पार पडलं. मुंबईत गोळीबारात आपली माणसं गेलेल्यांचा तो राग होता! तो त्यांनी झेंड्यातून दाखवला, हात उगारला नाही. पुढे मे १९६४मध्ये नेहरू गेले आणि याच अत्र्यांनी आपल्या ‘मराठा’ दैनिकात त्यांच्यावर ओळीने लेख लिहिले. त्या लेखांचं पुस्तक झालं, ‘सूर्यास्त’. मुंबईच्या प्रश्नावर नेहरूंना केलेला विरोध अत्र्यांनी त्यासाठी मागे घेतला नव्हता. माणूस मोठा होता, तो चुकला तेव्हा मी लढलो, ही दोन्ही विधानं एकाच लेखणीला झेपली.

आदर आणि भक्ती यांची गल्लत आज सर्रास होते, आणि त्या गल्लतीचा फायदा नेत्यांनाच होतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बजावलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. ज्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो त्यांनीच हे सांगितलं आहे. तेव्हा नेत्याच्या कामाचा हिशोब मागणं हा अपमान ठरत नाही. त्याच्या जातीवर, आईवर, आजारपणावर किंवा दिसण्यावर जाणं हा अपमान आहे. ही रेघ ओळखायला पदवी लागत नाही, व्हरांड्यात राहिलेल्या कुणालाही ती कळते.

आता चाळ पडते आहे. एप्रिल २०१७मध्ये पुनर्विकासाचं भूमिपूजन फडणवीस सरकारच्या काळात झालं. ऑगस्ट २०२१मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना वरळीतलं काम सुरू झालं. १४ ऑगस्ट २०२५ला पुन्हा फडणवीसांच्या कारकिर्दीत ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. श्रेयावरून भांडणारे नव्या मजल्यांवरही भांडतील. उघडी दारं तिथे नसतील, भांडणाला मोबाइलवरचे ग्रुप पुरतील, आणि शिवी वाचणाऱ्याचा चेहरा देणाऱ्याला दिसणार नाही.

नव्या घरात राहायला गेलेल्यांना माझी एक विनंती आहे. ज्या पक्षाला तुम्ही कधीच मत देणार नाही, त्याच्या नेत्याने या घरासाठी जे केलं ते एकदा आपल्या मुलांसमोर मोकळेपणाने सांगा. आणि मग तो कुठे चुकला, तेही तितक्याच मोकळेपणाने सांगा.