कर्तेपण आणि कचेरी

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचे जे गाव आहे, तेथील ठोसर कुलकर्ण्यांच्या घरात इ. स. १६०८ मध्ये नारायण जन्मला आणि पुढे समर्थ रामदास म्हणून महाराष्ट्राला वंद्य झाला, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्याचे वडील सूर्याजीपंत हे गावच्या जमिनीचे दप्तर सांभाळणारे वतनदार होते, आणि त्याच सुमारास निजामशाहीचा वजीर मलिक अंबर मराठवाड्याच्या भूमीत इजाऱ्याची पद्धत मोडून जमिनीची पाहणी, प्रतवारी आणि तीवर बेतलेला सारा यांची घडी बसवीत होता, या गोष्टीचा विचार आपण फारसा करीत नाही. संसार सोडून गेलेल्या त्या धाकट्या मुलाने दासबोधात लेखनक्रियेसाठी एक स्वतंत्र समास योजिला, आणि अक्षर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे कसे राहावे, लेखणी-शाईची निगा कशी ठेवावी, हे एखाद्या जुन्या कारकुनाच्या बारकाईने सांगितले. थोरला भाऊ गंगाधरपंत मात्र घरीच राहिला, घराचा व वतनाचा भार वाहत राहिला, आणि परंपरेने त्याला ‘श्रेष्ठ’ याच नावाने ओळखले. मला या थोरल्या भावाविषयी अधिक आस्था वाटते. सोडून जाणाऱ्याच्या धर्माविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले. दप्तराशी बसून राहणाऱ्याच्या, आणि त्यातही दप्तराशी बसलेल्या दहा माणसांवर ज्याची नेमणूक झाली आहे त्याच्या धर्माविषयी फार थोडे लिहिले गेले.

हा प्रश्न आज जालन्यास विशेष निकडीचा झाला आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळा काढलेला हा जिल्हा, लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांमुळे आणि बियाण्यांच्या उद्योगामुळे नावारूपास आलेले हे शहर, शिवारांतून गेलेला समृद्धी महामार्ग, शहरालगत उभारलेले कोरडे बंदर आणि २०२३ मध्ये नगरपालिकेची झालेली महानगरपालिका, या सर्वांमुळे काल ज्वारी-कापूस पिकवणारी जमीन उद्या काय होणार हे ठरवण्याचे काम नगर रचनेच्या कचेरीकडे पूर्वी कधी नव्हते इतक्या वेगाने येऊन पडत आहे. हे काम करणारी माणसे थोडी असतात, पुष्कळदा दुसऱ्या खात्यातून अगर दुसऱ्या गावाहून आलेली असतात, आणि त्यांच्या हातून होणारे एकेक कृत्य एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांचे भवितव्य ठरवणारे असते.

हे कृत्य कसे घडते ते नीट पाहिले पाहिजे, कारण सारा तात्त्विक पेच त्या घडण्यातच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजना करावयाची म्हणजे आधी तसा इरादा जाहीर करावयाचा, मग विद्यमान जमीन वापर नकाशा तयार करावयाचा, त्यावरून प्रारूप योजना प्रसिद्ध करावयाची, लोकांच्या हरकती व सूचना मागवून त्यांची सुनावणी नियोजन समितीपुढे घ्यावयाची, आणि अखेर ती योजना शासनाच्या मंजुरीस धाडावयाची. उन्हातान्हात शिवार व गल्ल्या पालथ्या घालून कोठे घर आहे, कोठे विहीर, कोठे गोठा, कोठे पडीक हे टिपून आणणारा भूमापक अगर रचना सहायक एक. ते कागदावर उतरवणारा आरेखक दुसरा. मोजणीचा मेळ भूमी अभिलेखाच्या दप्तराशी घालणारा तिसरा. अमुक गटावर क्रीडांगण व तमुक गटावर भाजी मंडई असे सुचवणारा सहायक नगर रचनाकार चौथा. टिपणी तपासणारा पाचवा. आणि ज्याने ती जमीन कदाचित डोळ्यांनी पाहिलेलीही नसते असा सही करणारा सहावा. नकाशावर आरक्षणाचा एक चौकोन उमटतो, आणि ज्याचा तो गट असतो तो मनुष्य योजना अमलात आल्यापासून १० वर्षे त्या जमिनीवर स्वतःसाठी काही उभारू शकत नाही. दहा वर्षांत संपादन झाले नाही तर त्याने कलम १२७ ची नोटीस द्यावी, नोटिशीनंतरही २४ महिने वाट पाहावी, आणि मग ते आरक्षण व्यपगत व्हावे. बारा वर्षे म्हणजे एक तप. त्या अवधीत मुलीचे लग्न होते, म्हातारा बाप जातो, कर्ज फिटत नाही. हे सर्व कोणी केले असे त्या मनुष्याने विचारले, तर सहाही जण प्रामाणिकपणे सांगू शकतील की मी माझ्यापुरते काम केले.

मराठवाड्यात या पेचाला आणखी एक थर आहे. येथील जमिनीचा इतिहास मुंबई इलाख्यातील जमिनीसारखा सरळ नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलात होता. त्या अमलातील इनामांचे मुंतखब नावाचे दाखले, देवस्थान व मशिदींच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी, १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा, १९५४ चा इनामे रद्द करण्याचा कायदा, आणि ज्याचा आधार आजही प्रत्येक वादात शोधला जातो ते १९५४-५५ चे खासरा पत्रक, या सर्वांतून वाट काढीत एखाद्या गटाची मालकी आजच्या सातबाऱ्यापर्यंत पोहोचलेली असते. खासरा पत्रकात पाहणी करणाऱ्याने कोणाचे नाव वहिवाटीला लिहिले, यावर आज तीन पिढ्यांनंतर दावे चालतात. तो कारकून कोण होता हे कोणाला ठाऊक नाही. त्याची नोंद मात्र जिवंत आहे. नोंद करणाऱ्याचे आयुष्य संपते आणि नोंदीचे संपत नाही, यापेक्षा कर्मफलाचा अधिक प्रत्यक्ष पुरावा मला दुसरा कोठे आढळला नाही.

आता मूळ प्रश्न. आपल्या धर्मविचाराने कर्माचे ओझे कर्त्याच्या खांद्यावर ठेवले. परंतु कचेरी नावाची संस्था कर्माचे इतके बारीक तुकडे करते की कोणत्याही एका तुकड्यावर कर्तेपणाचे ओझे राहू नये. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव, आणि जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी ठरवली आहे. या उपदेशाचा कचेरीत एक अपभ्रष्ट अवतार रूढ झालेला दिसतो. ‘मी काय करणार, वरून आले’, ‘फाईल तशीच आली होती’, ‘आपण फक्त टिपणी ठेवली’, ही वाक्ये उच्चारणारा मनुष्यही एका अर्थी स्वतःला अकर्ता म्हणवतो. परंतु गीतेचा अकर्ता फळाची इच्छा सोडतो आणि कर्माची जबाबदारी पुरती अंगावर घेतो. हा दुसरा अकर्ता जबाबदारी सोडतो, आणि फळाची इच्छा, मग ते फळ बढतीचे असो, सोयीच्या बदलीचे असो अथवा केवळ साहेबाच्या मर्जीचे असो, घट्ट धरून ठेवतो. दोघांच्या तोंडी शब्द जवळपास तेच असतात, आणि म्हणूनच दुसऱ्याला पहिल्याचा आसरा घेता येतो. निष्काम कर्माच्या सिद्धांताचा याहून मोठा अवमान कोणता असेल हे मला सांगता येणार नाही.

हा अकर्तेपणा कारकुनाच्या स्वभावातून उगवतो असे वरिष्ठ म्हणतात. मला ते मान्य नाही. तो बहुतेक वेळा वरिष्ठाने पेरलेला असतो. शिवारात जाऊन आलेल्या रचना सहायकाने जालन्यातील कुंडलिका नदीच्या काठच्या एखाद्या गटाविषयी लिहिले की येथे पावसाळ्यात पाणी चढते, हा भाग पाटबंधारे खात्याने आखलेल्या निळ्या पूररेषेच्या आत येतो, सबब येथे रहिवास दाखवू नये. आणि त्याला कोणी लेखी काही न देता तोंडी सांगितले की ते वाक्य काढून टाका. तर त्या दिवशी त्याच्या ठिकाणचा कर्ता संपतो, आणि उरतो तो केवळ हात. पुढील वर्षी तो ते वाक्य लिहीतच नाही, कोणाला सांगावेही लागत नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा असते. ज्याने वाक्य गाळले तो पूर येईतो निवृत्त झालेला असतो, आणि पाणी ज्यांच्या घरात शिरते त्यांना त्या वाक्याचा पत्ताही नसतो.

मनुष्यांकडून खरी पाहणी कशी करून घ्यावी, याचा विचार आपल्या परंपरेत दोन अगदी भिन्न रीतींनी झालेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाच अगर दहा गावांवर नेमलेला गोप हा अधिकारी नांगरट आणि पडीक, उंचवट्याची आणि पाणथळ जमीन, बागा, देवळे, बांध, स्मशाने, पाणपोया, कुरणे, रस्ते अशी नोंद ठेवतो. जमीन वापराची इतकी पद्धतशीर यादी प्राचीन ग्रंथांत अन्यत्र क्वचितच सापडेल. परंतु या नोंदीच्या खरेपणासाठी कौटिल्याचा भरवसा गृहस्थांच्या वेषात गावोगाव फिरून तीच नोंद पुन्हा पडताळणाऱ्या हेरांवर आहे. दुसरी रीत देवगिरीच्या किल्ल्यावरची. तेथील अधिकारी जनार्दनस्वामी यांनी आपला शिष्य एकनाथ यास हिशेबाच्या कामास बसवले, एका पैचा मेळ लागेना म्हणून एकनाथ रात्रभर जागला, आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठला, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. या कथेत सहसा आपण गुरूने पुढे काढलेले पारमार्थिक तात्पर्य पाहतो. मला तिच्यातील प्रशासकीय भाग अधिक बोलका वाटतो. त्या रात्री कोणी पहाऱ्यावर नव्हते. चूक उघडकीस आली तर शिक्षा होईल ही भीती नव्हती, कारण भीती असती तर चूक लपवली गेली असती. ज्या धन्यापाशी चूक सापडल्याचा आनंद मोकळेपणाने प्रकट करता येतो, त्याच्याच दप्तरात एका पैची चूक शोधली जाते. पडताळणी कौटिल्याच्या काळी लागत होती आणि आजही लागेल; परंतु पडताळणीने फक्त खोटे पकडता येते, खरे लिहिण्याची उमेद मात्र तिच्यातून उपजत नाही.

येथे एक अवघड आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. समजा, गायरानावर चाळीस वर्षे झोपडी घालून राहिलेले एक भूमिहीन कुटुंब आहे. पाहणीस गेलेल्या कर्मचाऱ्याने ती झोपडी नकाशावर दाखवली तर अतिक्रमण म्हणून ती नोंदली जाईल आणि कदाचित उठवली जाईल. न दाखवली तर कागदोपत्री तेथे मोकळी जमीन राहील. मराठवाड्यातील गायरानांचा प्रश्न दलित कुटुंबांच्या जगण्याशी किती खोल गुंतलेला आहे हे जो जाणतो, त्याचा हात अशा वेळी थरथरल्यावाचून राहणार नाही. दया श्रेष्ठ की सत्य? मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मला या ठिकाणी मार्गदर्शक वाटते. बेदरच्या बादशाहीचा तो अंमलदार दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उघडतो. हे करताना त्याने कोठारातील धान्याच्या वहीत खोटी नोंद केली, अथवा एखाद्या कारकुनाकडून ती करवली, असे कथा कोठेही सांगत नाही. त्याने कोठारे उघडली ती उघडपणे, स्वतःच्या नावावर, आणि बादशहाचे बोलावणे आले तेव्हा जाब देण्यास तोच निघाला. दया करण्याचा अधिकार अधिकाऱ्यास असतो. पण ती त्याने स्वतःच्या सहीने करावी, हाताखालच्या माणसाच्या मोजणीत लपवून करवू नये. भूमापकाने झोपडी दाखवावीच. आणि झोपडीतील माणसे उठवू नयेत, शासनाच्या नियमांप्रमाणे ती नियमित होऊ शकतात काय हे तपासावे, तेथे रहिवासाची तरतूद करावी, असा अभिप्राय प्रमुखाने कारणांसह स्वतः लिहावा. जी झोपडी नकाशावरच नाही तिला संरक्षणही देता येत नाही. उद्या तेथे उद्यानाचा हिरवा रंग भरणाऱ्यास तिच्या अस्तित्वाची वार्ताही नसते.

दुसरा आक्षेप कर्मचाऱ्यांच्या बाजूचा. पोटापाण्यासाठी नोकरी धरलेल्या, बदलीच्या भयाने दबलेल्या माणसाकडून हे धैर्य मागण्याचा आपल्याला काय अधिकार? या आक्षेपात तथ्य आहे. बदल्यांच्या विनियमनाविषयी आणि शासकीय कामातील विलंब रोखण्याविषयी महाराष्ट्राने २००५ चा जो कायदा केला, त्यात एका पदावर साधारणतः ३ वर्षे ठेवण्याचे आणि कोणतीही फाईल ७ कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ अडवून न ठेवण्याचे तत्त्व घातले, ते अशाच अनुभवातून आले असावे. परंतु कायद्याने दिलेले हे कवच पातळ असते, आणि ते जाड करण्याचे काम प्रमुखाचे असते. तोंडी आदेश त्याने स्वतः देऊ नये, आणि वरून तोंडी आलेला आदेश हाताखाली तसाच उतरू न देता स्वतःच्या टिपणीत नोंदवून मगच पुढे पाठवावा. कनिष्ठाचे मत त्याला अमान्य असेल तर त्याने ते खुशाल फिरवावे, त्याचा तो अधिकारच आहे; मात्र कनिष्ठाने लिहिलेला कागद फाईलमध्ये जसाच्या तसा राहू द्यावा आणि त्याखाली आपली वेगळी कारणे मांडावीत. सुनावणीत संतापलेला खातेदार जेव्हा ‘हे कोणी केले’ असे विचारतो, तेव्हा समोर बसलेल्या तरुण रचना सहायकाकडे बोट न दाखवता ‘सही माझी आहे, मला विचारा’ असे म्हणावे. आणि तो सहायक बरोबर होता असे पुढे सिद्ध झाले, तर ते त्याच्या नावाने दप्तरात लिहून ठेवावे. दोष वरिष्ठाकडे चढावा आणि श्रेय खाली उतरावे, हा क्रम कचेऱ्यांत आज नेमका उलटा चालतो, आणि तो सरळ करण्यास कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

जालन्याच्या नव्या महानगरपालिकेत पुढील काळात जेव्हा शहराची पाहणी होईल, तेव्हा घाणेवाडीच्या जलाशयापासून कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरील जुन्या वस्त्यांपर्यंत आणि कारखान्यांच्या पट्ट्यापासून महामार्गालगतच्या शिवारापर्यंत जे जे पत्रक तयार होईल, त्या प्रत्येकावर ज्याने ती जागा पायांनी तुडवली त्याचे नाव आणि पाहणीची तारीख स्पष्ट अक्षरात असावी असे मला वाटते. यावर कोणी म्हणेल की नाव छापल्याने तो माणूस दबावास अधिक उघडा पडेल. पडेल, जर त्या नावाच्या वर प्रमुखाचे नाव नसेल, आणि हरकतीच्या दिवशी तो प्रमुख रजेवर गेलेला असेल. तो जागेवर असेल तर हेच नाव पाहणी करणाऱ्यास कर्तेपण परत देईल, आणि पन्नास वर्षांनी एखाद्या गटाचा दावा उभा राहिला तर, खासरा पत्रकातील त्या अनामिक कारकुनाप्रमाणे केवळ त्याची नोंद शिल्लक न राहता, ती कोणी, कोणत्या दिवशी, कोणाच्या जबाबदारीवर केली हे तपासणाऱ्यास समजेल.