आयेचे मूल

मूळची अकोल्याची, सध्या शारजात राहणारी एक भगिनी विचारते: "मौलाना, बाळ माझ्याकडे रडते आणि आयेच्या कुशीत शांत होते. आई म्हणून मी कमी पडते का?" आपल्या अमरावती-अकोल्याकडे बाळंतिणीभोवती आई, सासू, नणंद असतात. तिथे त्या साऱ्यांच्या जागी एक पगारी बाई आहे. म्हणून हा सल अधिक बोचतो.

वाचकहो, प्रेषित मुहम्मद (स.) यांना हजरत हलीमा सादिया (रजि.) यांनी दूध पाजले, त्याने हजरत आमिना यांचे मातृत्व उणावले नाही. पवित्र कुरआनच्या सूरह अल-बकरातील २३३ वी आयत दाईकडून दूध पाजण्यास मुभा देते, मात्र ठरलेला मोबदला रीतसर देण्याच्या अटीवर. तेव्हा भगिनीने विचारलेल्या प्रश्नाची मला चिंता नाही. चिंता आहे ती न विचारलेल्या प्रश्नाची: त्या आयेचे स्वतःचे मूल कुठे आहे?

हलीमांजवळ त्यांचा तान्हा अब्दुल्लाह होता. सीरतग्रंथांत येते की बाल मुहम्मद (स.) एकाच बाजूचे दूध घेत, दुसरी बाजू दूधभावासाठी राहू देत. आजच्या आयेचे लेकरू पुष्कळदा दूर देशी, आजीजवळ असते. अमिरातीचा २०२२ चा घरकामगार कायदा तिला आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा देतो. पण रोज सायंकाळी आपल्या लेकराशी बोलायला तिला निवांत अर्धा तास मिळावा, हे कोणत्या कलमात लिहावे?

भगिनीला मी एवढेच विचारले. तिने कळवले, आयेला चार वर्षांची मुलगी आहे; नाव मात्र अजून विचारलेले नाही.