पाटी बदलताना

आमच्या श्रीरामपूरला रेल्वेनं यायचं तर तिकीट बेलापूरचं काढावं लागतं. दौंड-मनमाड मार्गावरच्या या स्टेशनच्या पाटीवर बेलापूर, आणि बाहेर पाऊल टाकलं की श्रीरामपूर! पाहुणे गोंधळतात, आम्ही नाही. पाटी एक आणि माल दुसरा, याची आम्हांला लहानपणापासून सवय. त्यामुळं पेंटरचा प्रोग्रॅमर होणं मला जड गेलं नाही. जड गेलं ते उस्तादांना तोंड दाखवणं.

उस्ताद दुकानांच्या पाट्या रंगवीत. त्यांनी मला सहा महिने नुसता 'श्री' काढायला लावला. "काना ओढताना श्वास रोखायचा. सोडलास की काना हललाच!" पुढं फ्लेक्स आला, चार दिवसांचं काम चार तासांत होऊ लागलं. मी कॉम्प्युटरचा कोर्स करून पुणं गाठलं. निघताना उस्ताद एवढंच म्हणाले, "पगार वेळेवर देतात ना?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून प्रश्न छळतो : मी कला सोडली, की नुसती उधारी?

मनाची समजूत घालायला मी र. कृ. जोशींचं नाव घेतो. जाहिरातकलेत नाव काढलेला हा सुलेखनकार आयआयटीत शिकवू लागला आणि पुढं संगणकाच्या देवनागरीत शिरला. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' टाइप त्यांचाच. २००८ साली ते गेले. अक्षरं अजून घरोघरी आहेत. पण खरं सांगू? जोशी अक्षर घेऊन यंत्रात शिरले. मी चपला बाहेर काढाव्यात तसं अक्षर बाहेर ठेवून शिरलो. मी काय करतो? दुकानदारांच्या बिलांचे प्रोग्रॅम!

गेल्या दिवाळीत उस्तादांकडं गेलो. त्यांच्या हातात वाण्याचं बिल होतं, माझ्याच प्रोग्रॅममधून निघालेलं. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "यातला श्री मधोमध नाही. दोन सूत उजवीकडं गेलाय."

"मशीनचं असतं तसं," मी म्हणालो.

"मशीनला कुणी सांगितलं?"

पुण्याला परतल्यावर पहिलं काम तेच केलं. श्री मधोमध आणला. कुणाच्या ध्यानात आलं नाही. साहेबांनी तर विचारलं, "यात बदललं काय?"

काय सांगणार? पण माउस सरकवताना मी श्वास रोखून धरला होता खरा.